पार्सल पोहोचेपर्यंत : ऑनलाइन विकलेल्या वस्तूचे पॅकिंग कसे निवडावे



आजचा विषय फलकावर वाचून तुमच्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला मास्तर खोके, टेप आणि बबल रॅप यांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. तेव्हा सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो.

निवृत्तीनंतर आम्ही लहान घरात राहायला गेलो. पुस्तके मात्र होती तेवढीच राहिली. मग नातीने ती ऑनलाइन विकायची व्यवस्था लावून दिली. एका वाचकाने आमच्याकडचा तीन खंडांचा कोश मागवला. आम्ही घरातला सगळ्यांत मोठा आणि चांगला दिसणारा खोका काढला. तो मिक्सरचा होता. खंड मधोमध ठेवले, भोवती रद्दीचे चार बोळे टाकले, वर मोठ्या अक्षरांत ‘काळजीपूर्वक हाताळा’ असे लिहिले आणि टेप मारली. चार दिवसांनी त्या वाचकाकडून फोटो आला. एका खंडाची बांधणी पुठ्ठ्यापासून सुटली होती, तिन्ही खंडांचे कोपरे चेपले होते. खाली त्यांनी एवढेच लिहिले होते, की तुम्ही चाळीस वर्षे जपलेले पुस्तक चार दिवसांत मोडले याचे वाईट वाटते. पैसे त्यांनी मागितले नव्हते. आम्ही ते परत पाठवले. पुस्तकाचे मात्र काही करता आले नाही.

त्या दिवशी आम्हाला कुरिअरवाल्यांचा राग आला. दुसऱ्या दिवशी राग उतरल्यावर आम्ही स्वतःलाच विचारले, की आपण नेमके काय केले? आपण खोका निवडला, पण कशासाठी निवडला? मोठा होता, स्वच्छ होता, हाताशी होता म्हणून. पुस्तकाला प्रवासात काय होऊ शकते, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. जन्मभर मुलांना सांगितले, की उत्तराची घाई करू नका, आधी प्रश्न नीट मांडा. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्हीच ते विसरलो.

आज आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. ‘ही वस्तू कशात घालू?’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘या वस्तूला वाटेत काय होऊ शकते?’ हा पहिला. पहिल्याचे उत्तर नीट मिळाले, की दुसऱ्याचे बरेचसे आपोआप मिळते.

वस्तूला काय होऊ शकते?

वस्तू आपल्या टेबलावर असते तेव्हा आपले हात तिची काळजी घेत असतात. घसरली तर आपण धरतो, पाणी सांडले तर उचलतो, वर कोणी काही ठेवायला लागले तर ‘अहो, थांबा’ म्हणतो. पार्सल एकदा कुरिअरच्या ताब्यात गेले, की ते हात नाहीत. पुढचे तीन-चार दिवस ते सगळे काम कागदाला, पुठ्ठ्याला आणि हवेला करायचे असते.

म्हणून वाटेत काय काय घडते, त्याची यादी करू या. पहिले म्हणजे आदळणे. पार्सल हातातून पडते, पट्ट्यावरून घसरते, टेम्पोतून खाली टाकले जाते. दुसरे दाब. आपल्या खोक्यावर दुसरे खोके चढतात आणि तासन्‌तास तसेच राहतात. तिसरी थरथर. ट्रक रात्रभर धावतो आणि आतली वस्तू हजारो वेळा एकाच जागी घासते. चौथी ओल, पाचवी उष्णता, आणि सहावी माणसाची करणी, म्हणजे कोणीतरी उघडून पाहणे किंवा काढून घेणे.

आता दोन वस्तू शेजारी ठेवू. एक येवल्याची पैठणी, एक लोणच्याची चिनी मातीची बरणी. पैठणीची किंमत बरणीच्या कितीतरी पट. पण पैठणी दहा वेळा पडली तरी तिला काही होत नाही. तिला भय ओलीचे, डागाचे, जरीवर एकाच रेषेत पडलेल्या घडीचे आणि चोरीचे. तिला मऊ कागद हवा, पाणी न शिरणारी पिशवी हवी, आणि उघडली तर लगेच कळेल अशी, फाडल्याशिवाय न उघडणारी बाहेरची कुरिअर बॅग हवी. बबल रॅपचे पाच वेढे तिला नकोत. बरणीचे उलटे आहे. पाऊस पडला तर बरणी फक्त भिजेल. ती एकदा आदळली, की संपली.

किमतीवरून पॅकिंग ठरवणे ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे. महाग वस्तूला जाड वेष्टन, स्वस्ताला पातळ, असे आपण समजतो. वस्तू गेली तर आपल्याला किती चटका बसेल, हे किंमत सांगते. वस्तू कशाने जाईल, हे मात्र तिच्या स्वभावावरून ठरते.

तूप आणि भांडे

आमच्या नैयायिकांची एक जुनी गंमत तुम्ही ऐकली असेल. एक तर्कशास्त्री वाटीत तूप घेऊन निघाला. वाटेत त्याला प्रश्न पडला, की भांड्याच्या आधाराने तूप आहे, की तुपाच्या आधाराने भांडे? खात्री करून घ्यावी म्हणून त्याने वाटी उपडी केली. पुढे काय झाले ते सांगायला नको.

लोक हसतात, पण पॅकिंगमध्ये हा प्रश्न अगदी खरा आहे. कोण कोणाला आधार देणार? गच्च भरलेली पुस्तके, पत्र्याचे डबे, स्टीलची भांडी या वस्तू स्वतः दाब सोसतात. वर दहा किलो ठेवा, त्यांना काही होत नाही. इथे तूप भांड्याला धरून आहे. खोक्याने त्यांना फक्त एकत्र ठेवायचे आणि कोपरे जपायचे. त्यामुळे खोका अंगाबरोबर हवा. पण चकली, मातीची पणती, पातळ काचेचा दिवा, केकचा तुकडा या वस्तू दाब अजिबात सोसत नाहीत. इथे सगळा भार खोक्यानेच उचलायला हवा. त्यासाठी खोकाच भक्कम लागतो, आत कितीही कापूस भरला तरी त्याचा उपयोग नाही.

मग खोका भक्कम कशाने होतो? पुठ्ठ्याची कड फाडून बघा. दोन सपाट कागदांच्या मध्ये एक नागमोडी कागद दिसेल, घरावरच्या पन्हळी पत्र्यासारखा. यालाच बाजारात थ्री प्लाय म्हणतात. नागमोडी थर दोन आणि सपाट तीन असले, की फाइव्ह प्लाय. हा कागद मुळात इंग्लंडमध्ये १८५६ साली उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी निघाला. १८७१ मध्ये अल्बर्ट जोन्स या अमेरिकन गृहस्थाने बाटल्या आणि दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी त्याचे पेटंट घेतले. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग याने त्याला सपाट कागद चिकटवला आणि आजच्या पुठ्ठ्याचा पाया घातला. म्हणजे हा कागद पार्सलच्या कामी आला तोच मुळी काच जपण्यासाठी.

त्या नागमोडी नळ्या उभ्या असतात तेव्हा त्या खांबांसारखे काम करतात. म्हणून खोका नळ्या उभ्या राहतील असाच ठेवायचा आणि तसाच भरायचा. दुसरे, वरचा बहुतेक भार खोक्याचे चार उभे कोपरे उचलतात, मधल्या भिंती फारसे काही करत नाहीत. कोपरा एकदा चेपला, की खोक्याची ताकद गेली. खोका इतका गच्च भरला, की पोट फुगले, तरी तेच होते, कारण भिंती सरळ राहत नाहीत. जुना खोका वापरायला हरकत नाही, आम्हीही वापरतो. पण आधी चारही कोपरे बोटांनी दाबून बघावेत. ते मऊ लागले तर तो खोका कपड्यांना वापरा, काचेला नको. आणि जुना पत्ता, जुना बारकोड पूर्ण काढून टाका. नाही तर पार्सल भलत्याच गावाला जाते.

हलक्या, न मोडणाऱ्या वस्तूला थ्री प्लाय पुरतो. जड किंवा दाब न सोसणारी वस्तू असेल तर फाइव्ह प्लाय घ्यावा. दुकानदाराला प्लाय विचाराच, पण कागदाचा जीएसएमही विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. हलक्या कागदाचा फाइव्ह प्लाय खोका कधी कधी चांगल्या कागदाच्या थ्री प्लायपेक्षाही कच्चा निघतो.

पोकळी हाही एक पदार्थ

वैशेषिक दर्शनात आधी सहा पदार्थ मानले होते. पुढच्या आचार्यांनी सातवा मानला, तो म्हणजे अभाव. नसणे हेही काहीतरी असणे आहे, असे ते म्हणाले. वर्गात मुलांना हे पटवायला आम्हाला दोन तास लागायचे. खोका उघडून दाखवला असता तर दोन मिनिटांत पटले असते.

आमच्या कोशाचे नेमके काय झाले? मिक्सरच्या खोक्यात रिकामी जागा होती. खोका हलला, की पुस्तकांना धावायला जागा मिळाली. ती वेग घेऊन भिंतीवर आदळली, पुन्हा उलट आली, पुन्हा आदळली. रद्दीचे बोळे पहिल्या तासातच चपटे झाले आणि जागा आणखी वाढली. म्हणजे पुस्तके मोडली ती त्या पोकळीने. अभावाचे चार प्रकार सांगतात. त्यांतला प्रध्वंसाभाव म्हणजे वस्तू मोडल्यावर उरणारा अभाव. खोक्यातला अभाव वेळीच भरला नाही, तर हा दुसरा अभाव गिऱ्हाईकाच्या दारात उभा राहतो.

म्हणून खोका निवडताना वस्तू आणि तिच्याभोवतीची गादी, एवढीच जागा आत असावी. उरलेली जागा कशाने तरी गच्च भरावी. खाकी कागद चुरगळून भरा, पण हलक्या हाताने टाकू नका, दाबून बसवा. बंद केल्यावर खोका कानाशी धरून हलवा. आतून आवाज आला, किंवा आत काही सरकल्याचे हाताला कळले, तर पुन्हा उघडा.

पुस्तकांचे म्हणाल तर आता आम्ही असे करतो. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पातळ पिशवीत, कारण कागदाला ओल लागते. मग दोन्ही बाजूंना पुस्तकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठे पुठ्ठे. पडले तर पुठ्ठ्याचा कोपरा आधी टेकतो आणि पुस्तकाचा वाचतो. मग ते अंगाबरोबरच्या खोक्यात. त्यानंतर आजवर तक्रार आलेली नाही.

गादी किती जाड हवी?

आता थोडे पदार्थविज्ञान. घाबरू नका, भागाकार एकच आहे.

पार्सल कमरेच्या उंचीवरून, समजा ७५ सेंटिमीटरवरून पडले. जमिनीला टेकल्यावर ते थांबते. धक्का किती बसेल, हे ते किती अंतरात थांबते यावर अवलंबून असते. ढोबळ हिशेब असा, की पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. नुसती बरणी फरशीवर पडली आणि एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी धक्का तिच्या वजनाच्या ७५० पट. तीच बरणी गादीत अडीच सेंटिमीटर रुतून थांबली, तर ३० पट. उंची तीच, जमीन तीच. फरक फक्त थांबायला मिळालेल्या जागेचा.

गादीचे काम थांबायला जागा देण्याचे आहे, हे एकदा कळले, की बाकीच्या गोष्टी आपोआप सुटतात. अडीच सेंटिमीटर रुतायला गादी अडीच सेंटिमीटरची पुरत नाही, कारण ती पूर्ण सपाट होऊ शकत नाही. म्हणून नाजूक वस्तूला सहाही बाजूंनी पाच सेंटिमीटर गादी द्यावी असे सांगतात. सहाही, बरं का. आपण खाली आणि वर घालतो आणि बाजूंना विसरतो. खोका पडताना बाजू विचारून पडत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की गादी वस्तूच्या वजनाला साजेशी हवी. जड मूर्तीखाली बारीक फुग्यांचा बबल रॅप घातला, तर फुगे फुटतात किंवा चपटे होतात, आणि गादी नसल्यातच जमा. उलट टीव्हीच्या खोक्यातला कडक थर्माकोल काचेच्या हलक्या दिव्याला लावला, तर दिवा इतका हलका, की थर्माकोल दबतच नाही. दिव्याच्या दृष्टीने ती फरशीच झाली.

बबल रॅपची कथा मजेशीर आहे. १९५७ साली न्यू जर्सीतल्या हॉथॉर्न इथे आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शावान या दोघांनी न्हाणीघराचे दोन प्लास्टिक पडदे एकमेकांना चिकटवून भिंतीला लावायचा खडबडीत कागद करायचा घाट घातला. मध्ये हवेचे फुगे अडकले. भिंतीचा कागद काही चालला नाही. पुढे आयबीएमचे १४०१ संगणक पाठवायला हीच वस्तू उपयोगी पडली आणि तिला धंदा मिळाला. बारीक फुगे ओरखड्यांपासून वाचवायला, मोठे फुगे आदळण्यापासून. फुग्यांची बाजू वस्तूकडे ठेवावी. आणि टेप इतकी आवळू नये, की हवेला हलायलाच जागा उरणार नाही.

बशा, ताटल्या पाठवत असाल तर त्या एकावर एक आडव्या रचू नका. प्रत्येकीला वेगळा कागद लावून कडेवर उभ्या करा, भांड्यांच्या मांडणीत ठेवतो तशा. आडव्या रचल्या, की वरच्या सगळ्यांचा भार खालची सोसते. बरणीचे झाकण वेगळे गुंडाळा. कपाचा कान हा त्याचा सगळ्यांत नाजूक भाग, त्याच्या आतही कागद भरा. फारच नाजूक वस्तू असेल तर खोक्यात खोका घाला. आतला खोका वस्तूला घट्ट, आणि दोन खोक्यांच्या मध्ये पाच सेंटिमीटर गादी.

ओल आणि श्वास

आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. पुठ्ठा हा कागदच, हवेतली ओल तो ओढून घेतो. फार दमट हवेत राहिलेला खोका निम्म्याच्या आसपास ताकद गमावू शकतो, आणि बाहेरून तो अगदी धड दिसतो. जून ते सप्टेंबर खोके जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवू नका. फळीवर ठेवा. जी वस्तू उन्हाळ्यात थ्री प्लायमधून जाते, तिला पावसाळ्यात फाइव्ह प्लाय लागू शकतो.

खाण्याच्या वस्तूंना तर ओल आणि हवा हेच मोठे शत्रू. चकली मऊ पडते ती ओलीने, आणि खवट होते ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि उजेडामुळे. वेफर्सच्या पाकिटात हवा भरून फसवतात, असे लोक म्हणतात. तो बहुतेक नायट्रोजन असतो. तेल खवट होऊ देत नाही आणि वेफर्सना गादीही देतो. घरगुती धंद्यात तेवढे जमत नसेल, तर ओल न शिरणारी जाड, सीलबंद पाकिटे घ्या, ती लहान ठेवा, आणि ती कडक डब्यात किंवा भक्कम खोक्यात बसवा. एक मोठी पिशवी भरून चकली पाठवली, तर तळाला भाजणीच पोहोचते. आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका. शाई अन्नात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये याविरुद्ध सूचना काढली होती, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत तर त्याला स्पष्ट मनाई आहे.

पण सगळ्याच वस्तू सीलबंद करायच्या नसतात. आंबा जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, पिकताना इथिलीन वायू सोडतो. त्याला प्लास्टिकमध्ये कोंडला, तर घाम धरतो आणि कुजतो. कोकणातली फटी असलेली लाकडी पेटी आणि तिच्यातला पेंढा पाहा. फटींतून वारा खेळतो, पेंढा धक्का सोसतो आणि ऊबही धरतो. आता पुठ्ठ्याचे खोके आले, पण त्यांनाही भोके ठेवावीच लागतात. ज्यांनी ती पेटी बसवली, त्यांनी आंब्याला काय होऊ शकते हा प्रश्न आधी विचारला होता.

टेप, पत्ता आणि ‘काळजीपूर्वक’

पूर्वी टपालाचे पार्सल मांजरपाटात शिवून त्यावर लाखेचे सील मारत. सुतळी बांधत. आता सुतळी नको, कारण पार्सले यंत्राच्या पट्ट्यांवरून जातात आणि ती अडकते. टेप रुंद घ्या, खोक्याच्या मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, अशी लावा. इंग्रजी एच अक्षर दिसले पाहिजे, वर आणि खालीही. धूळ किंवा दमटपणा असलेल्या पुठ्ठ्यावर टेप धरत नाही, आधी फडके फिरवा. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका. बाहेरची फाटली तरी पार्सल अनाथ होत नाही.

आता ‘काळजीपूर्वक हाताळा’. लिहा, जरूर लिहा. पेल्याचे चित्र, छत्रीचे चित्र, वरच्या दिशेचे बाण या खुणा जगभर ठरलेल्या आहेत. पण पॅकिंग असे करा, की ती खूण कोणीच वाचणार नाही. दिवसाला शेकडो पार्सले उचलणाऱ्या माणसाकडे प्रत्येक खोक्यावरचे वाचायला वेळ नसतो. त्याच्या पाठीचाही विचार करा. फार जड खोका उचलून ठेवला जात नाही, तो सोडला जातो. एका मोठ्या खोक्यापेक्षा दोन लहान खोके बरे, ते त्यालाही आणि वस्तूलाही.

पैशाचा हिशेब

तुम्ही म्हणाल, की प्रोफेसर, हे सगळे ठीक, पण परवडायचे कसे? दोन हिशेब सांगतो.

पहिला आकाराचा. बरेच कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेले वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचे. ३० सेंटिमीटरचा चौकोनी खोका म्हणजे २७,००० भागिले ५०००, म्हणजे ५.४ किलो. आत दोन किलोची वस्तू असली तरी. तोच खोका २५ सेंटिमीटरचा घेतला तर ३.१२५ किलो. आमच्या मिक्सरच्या खोक्याने पुस्तके मोडली आणि वर हवेचे भाडेही घेतले. तुमच्या कुरिअरचा भाजक किती आहे, ते आधी विचारून घ्या.

दुसरा मोडतोडीचा. धरून चालू, की शंभर पार्सलांत चार मोडतात आणि प्रत्येकामागे वस्तू, भाडे आणि परतावा मिळून ६०० रुपये जातात. म्हणजे २४०० रुपये, पार्सलमागे २४. आता प्रत्येक पार्सलवर १५ रुपये जास्त खर्चून मोडतोड एकावर आली, तर १५ अधिक ६, म्हणजे २१. तीन रुपये वाचलेच, आणि तीन घरांत तुटलेली वस्तू पोहोचायची टळली. आकडे तुमचे वेगळे असतील, पण हिशेब हाच. सहा महिन्यांची मोडतोड वहीत लिहून ठेवा, आणि काय मोडले, कुठून मोडले, हेही लिहा. तीच वही पुढच्या वेळी तुम्हाला खोका निवडून देईल.

पाठवण्याआधी परीक्षा

नवे पॅकिंग ठरवले, की एक नमुना करून स्वतःच पाडून बघा. उद्योगात रूढ असलेली एक पद्धत अशी आहे, की खोका एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर पाडायचा. एकूण दहा वेळा. हलक्या पार्सलला उंची सुमारे ७६ सेंटिमीटर. मग उघडून बघायचे. पाडताना हात थरथरतो, आमचाही थरथरला. पण आपण कचरलो, तर तीच परीक्षा गिऱ्हाईकाच्या पैशाने होते.

आम्ही जुनी, मोडकी बांधणी असलेली दोन पुस्तके घेऊन हे केले. पहिल्यांदा कोपरा चेपला. पुठ्ठा बोटभर मोठा घ्यायचा, हे तेव्हाच कळले.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : प्लास्टिक वापरावे की कागद?

जिथे ओल हा शत्रू आहे तिथे पातळ प्लास्टिक लागते, जिथे पोकळी भरायची आहे तिथे कागद भागवतो. ‘कागद म्हणजे पुण्य’ असेही नाही. कागदी पॅकिंगमुळे वस्तू मोडली, तर ती वस्तू करायला लागलेली माती, सरपण, मेहनत आणि भाडे सगळेच कचऱ्यात जाते. पण गरज नसताना पाच वेढे घालणे हाही कचराच. कायदा मात्र पाहा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर निर्बंध आणले. १ जुलै २०२२ पासून देशभर काही एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यांत मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्मही येते, हे फराळ विकणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. खोक्यावर कमीत कमी टेप आणि आत एकाच जातीचे साहित्य असले, तर गिऱ्हाईकालाही ते पुन्हा वापरता येते.

प्रश्न : दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो. काय पाहावे?

प्रवास लांबचा, म्हणून सगळ्याचा विचार एक पायरी पुढचा करा. फाइव्ह प्लाय, सीलबंद लहान पाकिटे, लाडू एकमेकांना चिकटणार नाहीत असे कप्पे. पेंढा किंवा गवत भरू नका. त्यात कीड असू शकते आणि अनेक देशांच्या तपासणीत ते अडते. कच्च्या लाकडाची पेटी पाठवायची तर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेली, शिक्का असलेलीच हवी. कोणता पदार्थ त्या देशात चालतो, तेही आधी विचारा. उत्तम बांधलेला फराळ जप्त झाला तर काय उपयोग?

प्रश्न : सर, मोडले तर चूक कोणाची?

(थोडे थांबून) पार्सल मुद्दाम फेकले असेल तर फेकणाऱ्याची, त्यात वाद नाही. दावा करायचा तर पॅकिंग करतानाचा फोटो काढून ठेवा, तो उपयोगी पडतो. पण चूक कोणाची हा प्रश्न मोडल्यानंतरचा आहे, आणि तेव्हा आपल्या हातात फारसे काही राहिलेले नसते. आम्ही त्या वाचकाला पैसे परत केले, क्षमाही मागितली. पुढे त्यांनी आमच्याकडून आणखी दोन पुस्तके घेतली. ती धड पोहोचल्याचा फोटो त्यांनी पाठवला, तेव्हा आम्हाला बरे वाटले.

इथे थांबतो. बाहेर टेबलावर दोन खोके ठेवले आहेत, एक चांगला, एक फसवा. जाता जाता कोपरे दाबून बघा.